सोळा पायऱ्यांचे बेट

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरांवर, हिंदी महासागरात, ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेले मॉरिशस बेट आहे. सुटी घालविण्यासाठी तेथे जाणाऱ्यांना त्याचे किनारे सुपरिचित असतात. प्रवाळाच्या रांगांनी लाटा बाहेरच अडविल्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी तळ्यासारखे शांत राहते. बेल मारची पांढरी वाळू, शामारेलची सात रंगांची माती व तेथील धबधबा ही स्थळे कोणाही प्रवाशाने अवश्य पाहावी. तथापि या बेटाचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. येथे मूळचा असा मनुष्यच नव्हता. जो आला तो जहाजातून आला, आणि बहुतेक सारे स्वतःच्या इच्छेने किंवा पुरत्या माहितीने आले नाहीत. तेथील अनेक प्रेक्षणीय स्थळांचा अर्थ या एका गोष्टीत साठविलेला आहे.

१५९८ मध्ये डच तेथे उतरले आणि प्रिन्स मॉरिस याचे नाव त्यांनी बेटास दिले. उडता न येणारा डोडो पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला. राजधानी पोर्ट लुईच्या संग्रहालयात आता त्याची हाडे पाहावयास मिळतात. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. पांप्लमूस येथील विख्यात वनस्पतिउद्यान फ्रेंच अमदानीतले. पिएर प्वाव्र याने जायफळ व लवंग यांची रोपे पूर्वेकडील बेटांतून मिळवून येथे रुजविली. तळ्यातील परातीएवढ्या पानांची कमळे पाहून प्रवासी थक्क होतो. परंतु त्या काळी या बेटावरील कष्टाचा भार मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांवर होता, हे तेथील कोणतेही झाड सांगत नाही.

ते सांगतो नैर्ऋत्य टोकाचा ल मोर्न पर्वत. समुद्रातून ५५६ मीटर उंच उठलेल्या या कड्याच्या गुहांत व माथ्यावर पळालेले गुलाम आश्रय घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली. ही वार्ता सांगण्यास आलेले शिपाई आपल्याला धरावयास आले आहेत, असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तेथे सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, २००८ मध्ये या पर्वतास जागतिक वारशाचा मान मिळाला तो गुलामांच्या प्रतिकाराचे स्मारक म्हणून.

गुलाम सुटले, तरी ऊस थांबला नाही. मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून कराराने बांधलेले ३६ मजूर पोर्ट लुईस पोहोचले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या मार्गाने आली. त्यांना उतरविण्याचा तळ १८४९ पासून जेथे बांधण्यात आला, तोच आजचा आप्रवासी घाट. पूर्वी त्यास ‘कुली घाट’ म्हणत. जहाजातून उतरलेला मनुष्य काळ्या दगडांच्या सोळा पायऱ्या चढून वर येई. तेथे त्यास क्रमांक मिळे आणि मग मळ्यावर रवानगी होई. पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा झाल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. जुन्या इमारतींपैकी थोडाच भाग आज उरला आहे. जागतिक वारशाच्या यादीत घाटाचा समावेश २००६ मध्ये झाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या व छायाचित्रे जतन केली आहेत. आपला पणजा कोणत्या गावचा, हे शोधीत त्यांचे वंशज तेथे येतात.

बेटातून मोटारीने जाताना उसाच्या शेतांत मध्येच काळ्या धोंड्यांचे प्रचंड ढीग दिसतात. नवख्यास ते एखाद्या प्राचीन संस्कृतीचे अवशेष वाटतात. वस्तुतः जमीन लागवडीखाली आणताना माणसांनी हातांनी उचलून बाजूस रचलेले ते लाव्ह्याचे दगड होत. मार्गदर्शिकांतून त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. पण त्या बेटावरील श्रमाचा एवढा उघड पुरावा दुसरा नाही.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे होती, रत्नागिरीकडील पुष्कळ. त्यांचे वंशज घरी बहुधा क्रिओल बोलतात. तरी मराठी शाळांतून शिकविली जाते, कास्काव्हेल येथे मराठी मंडळींचे देऊळ आहे आणि गणपतीपुढे ‘झाकरी’ नाचली जाते. कोकणातील जाखडीचेच ते रूप. गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते. वडोदऱ्याचेही त्या बेटाशी नाते आहे. तेथे जन्मलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर १९०७ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने मॉरिशसला गेले व मजुरांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. गंगा तलावाच्या काठी २००७ मध्ये उभी राहिलेली १०८ फुटी शिवमूर्तीही वडोदऱ्याच्या सुरसागरातील मूर्तीच्या धर्तीवर घडविलेली आहे. हा तलाव म्हणजे मृत ज्वालामुखीच्या मुखात साचलेले पाणी. १९७२ मध्ये त्यात गंगाजल मिसळण्यात आले. महाशिवरात्रीस लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत, खांद्यावर कावडी घेऊन, पायी तेथे जातात.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. त्या राष्ट्राने आपल्या सुट्यांत १ फेब्रुवारी व २ नोव्हेंबर हे दोन दिवस आवर्जून ठेविले आहेत; एक गुलामांच्या मुक्तीचा, दुसरा मजुरांच्या आगमनाचा. सुटीसाठी तेथे जाणाऱ्याने समुद्रस्नान जरूर करावे. परंतु पहिली सकाळ त्या सोळा पायऱ्यांपाशी घालवावी. मग उसाची शेते, काळे धोंडे, तलाव आणि तो कडा, सारे निराळे दिसू लागते.