‘टीव्ही चेक’ची कुळकथा

चाकण, भोसरी, चिंचवड, कुठल्याही शॉपमध्ये जा. सीएनसी मशीनला फॅनुक कंपनीचा कंट्रोल असेल तर एमडीआय मोड घ्या, ‘ऑफसेट सेटिंग’चं बटण दाबा आणि ‘सेटिंग’चं पान उघडा. पहिली ओळ ‘पॅरामीटर राइट’. तिच्यासमोर शून्य असतं. ते एक केलं की मशीनच्या पोटातले शेकडो आकडे बदलायला मोकळे होतात. सेटर लोक याला ‘पीडब्ल्यूई (पॅरामीटर राइट एनेबल) एक करणं’ म्हणतात, आणि ज्याला ते जमतं त्याचा शिफ्टमध्ये वट असतो. दुसरी ओळ ‘टीव्ही चेक’. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मला वेड लागलंय ते या दुसऱ्या ओळीचं.

मी ताथवड्यात राहतो. एका अंगाला हिंजवडी, म्हणजे सॉफ्टवेअर. दुसऱ्या अंगाला चिंचवड-भोसरी आणि पुढे चाकण, म्हणजे कुलंटचा वास आणि बुटात अडकलेल्या चिप्स. सकाळी हायवेच्या सर्व्हिस रोडला दोन्हीकडच्या कंपनी बसची वाट पाहणारे लोक शेजारीशेजारी उभे असतात. त्यामुळे ‘टीव्ही चेक म्हणजे काय हो?’ हा प्रश्न मला दोन्ही पंथांना विचारता आला. हिंजवडीवाले म्हणाले, डिस्प्लेची टेस्ट असेल. चाकणवाले म्हणाले, मॉनिटरचंच काहीतरी आहे, शून्य आहे ते शून्य राहू दे, हात नको लावू. एका जुन्या टूलरूमवाल्या काकांनी मात्र हाताने हवेत फीत धरल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘टीव्ही कसला? टेप!’

काकांचं बरोबर आहे. मॅन्युअलमध्ये टीव्ही चेक म्हणजे व्हर्टिकल पॅरिटी चेक. तिची जोडीदारीण टीएच, म्हणजे हॉरिझॉन्टल. टी हा टेपचा, म्हणजे कागदी पंच टेपचा, असंच बहुतेक जाणकार सांगतात. अलार्मची यादी काढून पाहा. पॉवर बंद करा म्हणणारा ०००, त्यानंतरचा ००१ म्हणजे टीएच पॅरिटी आणि ००२ म्हणजे टीव्ही पॅरिटी. ओव्हरट्रॅव्हल नाही, सर्व्हो नाही. या मशीनला सगळ्यात आधी भीती कसली होती, तर टेपचं भोक चुकीचं वाचलं जाण्याची.

ती टेप एक इंच रुंद. रुंदीत आठ ट्रॅक, लांबीत इंचाला दहा ओळी. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक अक्षर किंवा आकडा. तिसऱ्या आणि चौथ्या ट्रॅकच्या मधोमध बारीक भोकांची एक रांग असते; ती वाचायची नसते, टेप पुढे ओढायला असते. ही रांग टेपच्या मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली आहे, म्हणून टेप उलटी घातली तर लगेच कळतं. भोकांच्या भाषा दोन. अमेरिकन ईआयए कोडमध्ये प्रत्येक ओळीत भोकं विषम असायला हवीत, आयएसओ कोडमध्ये सम. कमी पडलं तर पॅरिटीच्या ट्रॅकवर (ईआयएत पाचवा, आयएसओत आठवा) एक जादा भोक पाडायचं. धुळीने एखादं भोक बुजलं की हिशेब बिघडतो आणि मशीन थांबते. ही झाली टीएच. टीव्हीचा हिशेब वेगळा: एका ब्लॉकमधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका ओळीतली, सगळी अक्षरं मिळून संख्या सम हवी. विषम झाली तर टेप पंच करणारा माणूस एक स्पेस घालून जोड जमवायचा. सेटिंगच्या पानावरची तिसरी ओळ ‘पंच कोड’ आणि तिच्यापुढचं ‘० ईआयए, १ आयएसओ’ हे त्याच घराण्यातलं, आणि ‘टेप फॉरमॅट’ तर नावानिशी उभं आहे.

आता उभं-आडवं हे प्रकरण. रीडरमध्ये टेप डावीकडून उजवीकडे पळत असेल तर एका अक्षराची भोकं उभी दिसतात. मग अक्षराच्या तपासणीला ‘हॉरिझॉन्टल’ का म्हटलं? यावरून कोणी टीचा अर्थ ‘ट्रान्सव्हर्स’ असा लावू पाहतात, पण मग टीएचमधल्या टीचं काय करायचं? माझं उत्तर सरळ आहे. नाव ठेवणाऱ्याने टेप रीडरमध्ये पाहिली नव्हती, हातात धरून लोंबती पाहिली होती, काकांनी हवेत धरली तशी. लोंबत्या टेपवर अक्षर आडवं पडतं आणि ब्लॉक वरून खाली जातो. टेप तपासणारा माणूस ती तशीच धरतो, उजेडासमोर. म्हणजे हे नाव इंजिनिअरच्या टेबलावर जन्मलेलं नाही, पंचिंगच्या खोलीत जन्मलं आहे. कागदावरचा पुरावा मागाल तर नाही, पण याहून पटणारं स्पष्टीकरण मला कोणी दिलेलं नाही.

ही टेप आली कुठून? सीएनसीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १८०४ च्या आसपासच्या जॅकार्ड मागापासून सुरुवात करतात. भोकांची पुठ्ठ्याची पत्रं, त्यावरून नक्षी. येवल्याला मागावर जॅकार्ड आजही दिसेल. वंशावळ छान दिसते, पण मला ती मान्य नाही. जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी झगडत होता तेव्हा त्याच्या डोक्यात खरोखरच पंचकार्डं होती. पण काम एमआयटीकडे गेलं आणि तिथे १९५२ मध्ये सिनसिनाटीची मिलिंग मशीन आकड्यांवर चालवून दाखवली तेव्हा कार्ड मागे पडून फीत आली होती. जॅकार्डच्या पत्रात ना पॅरिटी आहे, ना ‘ओळ संपली’ सांगणारी खूण. फितीत दोन्ही आहेत, आणि फितीचं माहेर तारघर आहे.

१९०१ च्या सुमाराला डोनाल्ड मरे नावाच्या न्यूझीलंडच्या पत्रकाराने तारेसाठी पाच भोकांचा नवा कोड बसवला. त्याच्या आधी बोदोचा कोड होता, पण मरेने टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणि पंच टेप जोडली आणि छापणाऱ्या यंत्राला हुकूम देणाऱ्या दोन खुणा आणल्या: कॅरेज रिटर्न, म्हणजे गाडा परत डावीकडे आण, आणि लाइन फीड, म्हणजे कागद एक ओळ वर सरकव. आता सीएनसीच्या ‘एंड ऑफ ब्लॉक’कडे या, कीबोर्डवर ‘ईओबी’ लिहिलेलं बटण, पडद्यावर अर्धविरामाची खूण. ईआयए टेपवर हा ईओबी म्हणजे कॅरेज रिटर्न. आयएसओ टेपवर तोच ईओबी म्हणजे लाइन फीड. मरेच्या दोन खुणा दोन भावांनी वाटून घेतल्या! कंट्रोल टेपची भाषा ओळखतो तोही याच जागी: पहिला ईओबी आठव्या ट्रॅकवरच्या एकाच भोकाचा निघाला तर ईआयए, दोन भोकांचा निघाला तर आयएसओ.

अजून एक खूण सापडते. तारेच्या टेपवर चूक झाली तर टेप एक घर मागे घेऊन पाचही भोकं पाडायचे. वाचणाऱ्या यंत्राने ती ओळ सोडून द्यायची. भोक बुजवता येत नाही, पण सगळीकडे भोकं पाडून चूक नाहीशी करता येते. आयएसओ टेपवर ‘डिलीट’ म्हणजे आठही भोकं. हा योगायोग मानायला माझी तयारी नाही.

भारतात तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली. पुष्पगुच्छ झाले, लेख आले. त्या दिवशी चाकणमध्ये तिसऱ्या शिफ्टला जे प्रोग्रॅम लोड झाले असतील, त्यांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मरेचा लाइन फीड होता.

टेप गेल्यावरही तिच्या सवयी गेल्या नाहीत. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आणि शेवटी जी % ची खूण असते तिचा टक्केवारीशी काही संबंध नाही. ती रिवाइंड स्टॉपची खूण आहे: टेप परत गुंडाळताना इथे थांब. संगणकावरून केबलने प्रोग्रॅम घेताना पडद्याच्या कोपऱ्यात ‘एलएसके’ लुकलुकतं. नव्या पोराला वाटतं केबल खराब आहे. ते ‘लेबल स्किप’ आहे; पहिला ईओबी येईपर्यंत जे काही येईल ते वाचू नको, कारण टेपच्या तोंडाशी माणसाने वाचायचं लेबल असायचं. मेमरी कार्डाला कुठलं आलंय तोंड.

आता पहिल्या ओळीकडे, पीडब्ल्यूईकडे. लोक याला ‘हिडन सेटिंग’ म्हणतात आणि त्यामागे कंपनीचा डाव शोधतात. माझा सिद्धांत असा की ते लपवलेलं नव्हतंच. ते कुलपातल्या कपाटातलं होतं, म्हणजे दुसऱ्या माणसाचं. ते एक करताच १०० नंबरचा अलार्म येतो, आणि नव्या कंट्रोलवर त्याचे शब्द आहेत ‘पॅरामीटर एनेबल स्विच ऑन’. स्विच! पडद्यावर तर आकडा आहे. पण जुन्या सिस्टीम ६ सारख्या कंट्रोलवर तो खरोखर पॅनेलच्या आत बोर्डावरचा खटका होता. कपाटाची चावी मेंटेनन्सकडे, म्हणून खटकाही मेंटेनन्सकडे. पुढे खटका पडद्यावर आला आणि कपाट उघडायची गरज संपली, पण अलार्मने जुनाच शब्द धरून ठेवला. चावीचा अडसर नाहीसा झाला तेव्हा कुठे ‘हिडन’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला.

तो अलार्म मारायची युक्तीही सेटरच्या हातात गेली: ‘कॅन’ आणि ‘रिसेट’ एकत्र दाबा, पीडब्ल्यूई एक असतानाच अलार्म जातो. मशीन ओव्हरट्रॅव्हलमध्ये अडकली तर ‘पी’ आणि ‘कॅन’ धरून पॉवर ऑन, की त्या वेळेपुरती सॉफ्ट लिमिटची तपासणी बाजूला. (हे वाचून उद्या करून बघणाऱ्यांसाठी: स्लाइड ठोकली तर मी जबाबदार नाही.) या दोन्ही युक्त्या मॅन्युअलमध्ये छापलेल्या आहेत. पण मॅन्युअल साहेबांच्या कपाटात, त्यामुळे ही विद्या तोंडीच पसरते. लातूरहून आलेला सेटर नांदेडहून आलेल्या ऑपरेटरला नाइट शिफ्टला शिकवतो, तेही ‘कोणाला सांगू नको’ म्हणून.

प्रतिपक्षाचं ऐकायला हवं. एक पक्ष म्हणतो, लपलेल्या किल्ल्यांची परंपरा व्हिडिओ गेममधून आली. वर वर खाली खाली डावा उजवा वाला कोनामी कोड दाखवतात. तो १९८६ चा. काझुहिसा हाशिमोतोने ग्रॅडियस खेळ घरगुती यंत्रावर आणताना तपासणीसाठी घातला, कारण त्याला स्वतःला खेळ पार करणं जड जात होतं. म्हणजे तीही तपासणाऱ्याचीच खिडकी. आणि सिस्टीम ६ त्याच्या आधीची.

दुसरा पक्ष बळकट आहे. तो म्हणतो, ९०० चे पॅरामीटर बघा. जुन्या झीरो सिरीजमध्ये ९०० च्या पुढे, १६-१८ मध्ये ९९०० च्या पुढे ऑप्शन पॅरामीटर असतात. कुठली सोय विकत घेतली, कुठली नाही, ते तिथे ठरतं. मॅन्युअलमध्ये त्यांचा खुलासा नसतो, फक्त मशीनसोबत आलेल्या छापील यादीत आकडे असतात. हे मात्र लपवणंच आहे, आणि धंद्यासाठी आहे. इथे मी हत्यार ठेवतो, पण अर्धंच. कारण ९००० चे प्रोग्रॅम पाहा. ३२०२ पॅरामीटरचा चौथा बिट एक असला की ते बदलता येत नाहीत. आत काय असतं? बहुतेक वेळा टूल चेंजचा मॅक्रो. ६०७१ मध्ये ६ लिहिलं की एम ०६ म्हणताच ओ ९००१ चालतो. त्यात कोणी एक ओळ खोडली तर टूल चेंजरचा हात स्पिंडलवर आदळेल. हे कुलूप धंद्याचं नाही, हाताचं आहे. कुलूप दोन प्रकारचं असतं आणि दोन्हीला आपण एकच नाव देतो, सगळा घोळ तिथला आहे.

फोनमधल्या लपलेल्या किल्ल्यांचं सांगायला फार नाही. अँड्रॉइडमध्ये २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन उघडतात. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. फुली आणि जाळीची ही दोन बटणं अमेरिकेत १९६८ मध्ये टेलिफोनवर आली. टच-टोनचा पहिला फोन १९६३ चा, तेव्हा दहाच बटणं होती. फुली आणि जाळी माणसाशी नव्हे, यंत्राशी बोलायला होती. म्हणजे इथेही पुन्हा तारेवरचंच घराणं. सर्व्हिस रोडवर हिंजवडीच्या बसची वाट पाहणारा ज्या सात टिचक्यांचा अभिमान बाळगतो, त्याच्या शेजारचा चाकणवाला ‘कॅन-रिसेट’ने तेच काम आधीपासून करतो आहे, हे त्या दोघांना कोणीतरी सांगायला हवं.

एक विनंती. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या टूलरूममध्ये अजून कुठे कुठे पॅरामीटरचे आकडे पंच केलेल्या टेपची गुंडाळी कपाटाच्या तळाशी पडलेली असते, मशीन भंगारात गेली तरी. भंगारवाल्याला द्यायच्या आधी तिचा हातभर तुकडा उजेडासमोर लोंबता धरा आणि एकेका ओळीतली भोकं मोजा. विषम निघाली तर ईआयए, सम निघाली तर आयएसओ. विषम निघाली तर जपून ठेवा, तशी आता फार सापडत नाही.