हल्क (कॉमिक्स पात्र)

हल्क हे अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांमधील एक काल्पनिक पात्र आहे. लेखक स्टॅन ली व चित्रकार जॅक किर्बी यांनी त्याची निर्मिती केली. 'द इन्क्रेडिबल हल्क' या मासिकाच्या मे १९६२ असा दिनांक असलेल्या पहिल्या अंकात तो प्रथम अवतरला. गॅमा किरणांच्या माऱ्यात सापडलेला शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर एका प्रचंड व बलाढ्य राक्षसी देहात रूपांतरित होतो, ही या पात्राची मूळ कल्पना होय. हल्कचा रंग, त्याची बुद्धी, भाषा आणि रूपांतराचे कारण या सर्व गोष्टी सहा दशकांत वारंवार बदलल्या. त्यामुळे हल्क हा नायक की राक्षस आणि तो बॅनरहून वेगळा की बॅनरचाच एक अंश, हे प्रश्न त्याच्या वाचकांमध्ये आरंभापासून चर्चिले जात आहेत.

निर्मिती

हे पात्र रचताना मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीतील राक्षस आणि रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या कथेतील जेकिल व हाइड ही जोडी आपल्यासमोर होती, असे ली यांनी सांगितले आहे. संकटात सापडलेल्या मुलासाठी मोटार उचलणाऱ्या एका मातेला पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे किर्बी सांगत.

पहिल्या अंकाचे कथानक शीतयुद्धाच्या वातावरणात घडते. बॅनर अमेरिकी लष्करासाठी गॅमा बॉम्ब तयार करत असतो. चाचणीच्या वेळी रिक जोन्स नावाचा किशोरवयीन मुलगा वाळवंटातील चाचणीक्षेत्रात शिरतो. त्याला खंदकात ढकलून बॅनर वाचवतो. परंतु सोव्हिएत हेर असलेला त्याचा सहकारी चाचणी थांबवत नाही आणि बॅनर स्वतः किरणांच्या तडाख्यात सापडतो. अशा प्रकारे हल्कचा जन्म एका परोपकारी कृत्यातून होतो आणि ते कृत्य करणारा मनुष्य स्वतःच त्या संहारक अस्त्राचा जनकही असतो. जनरल 'थंडरबोल्ट' रॉस व त्याची कन्या बेटी रॉस ही कायमची पात्रेही याच अंकात येतात.

करडा रंग व हिरवा रंग

पहिल्या अंकात हल्क करड्या रंगाचा होता. कोणत्याही विशिष्ट मानववंशाचा बोध होऊ नये, म्हणून ली यांनी हा रंग निवडला होता. तत्कालीन छपाईत मात्र करड्या रंगाची छटा एकसारखी उतरली नाही आणि प्रत्येक चौकटीत हल्क निराळा दिसू लागला. त्यामुळे दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा रंग देण्यात आला. छपाईच्या अडचणीतून आलेला हा रंग पुढे त्याची ओळख ठरला. पुढील काळातील लेखकांनी करडा व हिरवा हल्क ही दोन भिन्न व्यक्तिमत्त्वे मानून या बदलाला कथेतच स्थान दिले.

पहिली मालिका व पुनरागमन

आरंभीच्या कथांमध्ये बॅनरचे रूपांतर सूर्यास्तानंतर होत असे. हा हल्क धूर्त, उद्धट व मनुष्यद्वेष्टा होता. पात्राचे स्वरूप निश्चित होत नव्हते. चौथ्या अंकात तर बॅनर यंत्राच्या साहाय्याने हल्क होतो आणि स्वतःची बुद्धी काही प्रमाणात शाबूत ठेवतो. सहा अंकांनंतर, मार्च १९६३ मध्ये, मालिका बंद पडली.

तथापि वाचकांनी हल्कला विस्मृतीत जाऊ दिले नाही. मालिका बंद पडल्यानंतर एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी हल्कला आपले मानचिन्ह केल्याचे पत्र किर्बी यांना आले. आपले वाचक केवळ शाळकरी मुले नाहीत, याची जाणीव त्यातून प्रकाशकांना झाली. दरम्यान हल्क 'फॅन्टॅस्टिक फोर'मध्ये पाहुणा म्हणून आला. तसेच १९६३ मध्ये तो 'अ‍ॅव्हेंजर्स' या संघाचा संस्थापक सदस्य झाला, परंतु दुसऱ्याच अंकात त्याने संघ सोडला. ऑक्टोबर १९६४ मध्ये 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' या मासिकाच्या ६० व्या अंकापासून त्याची स्वतंत्र कथा पुन्हा सुरू झाली. एप्रिल १९६८ मध्ये १०२ व्या अंकापासून या मासिकाचे नावच 'द इन्क्रेडिबल हल्क' असे करण्यात आले.

वाचकांच्या पत्रांचा कथेवर झालेला परिणाम बॅनरच्या नावातही दिसतो. १९६४ मधील एका कथेत ली यांनी अनवधानाने ब्रूस बॅनरचा उल्लेख 'बॉब बॅनर' असा केला. वाचकांनी चूक निदर्शनास आणून दिल्यावर 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या २८ व्या अंकातील पत्रविभागात त्याचे पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचे जाहीर करण्यात आले. तेच नाव आजही अधिकृत आहे. पुढे हल्कच्या मासिकाचा 'ग्रीन स्किन्स ग्रॅब-बॅग' हा स्वतंत्र पत्रविभाग अनेक वर्षे चालला.

क्रोधाचे सूत्र

'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश'मधील चित्रकार स्टीव्ह डिटको यांच्या कारकिर्दीत क्रोध व मानसिक ताण हे रूपांतराचे कारण म्हणून रूढ झाले. पुढे हल्क बालबुद्धीचा, तुटक बोलणारा व स्वतःचा उल्लेख नावाने करणारा झाला. त्याला एकांत हवा असतो, पण सैन्य त्याचा पाठलाग सोडत नाही, हे या काळातील कथांचे प्रमुख सूत्र होय. चित्रकार हर्ब ट्रिम्पी यांनी १९६८ ते १९७५ या काळात आणि त्यांच्यानंतर सॅल ब्युसेमा यांनी सुमारे दहा वर्षे या हल्कचे चित्रण केले. १९७४ मधील १८० व १८१ या अंकांत वुल्व्हरिन हे पात्र प्रथम आले. त्यामुळे संग्राहकांमध्ये १८१ व्या अंकाला विशेष मागणी असते.

मानसशास्त्रीय वळण

१९८५ मध्ये ३१२ व्या अंकात लेखक बिल मँटलो यांनी बॅनरचे बालपण उलगडले. पिता ब्रायन बॅनर याने केलेल्या छळामुळे ब्रूसच्या मनात दडपलेला संताप हे हल्कचे मूळ असून गॅमा किरणांनी त्याला केवळ देह दिला, असा अर्थ त्यातून प्रस्थापित झाला.

१९८७ ते १९९८ या काळात पीटर डेव्हिड यांनी सलग सुमारे बारा वर्षे लेखन करून हे सूत्र विस्तारले. त्यांच्या कथांमध्ये करडा हल्क 'जो फिक्सिट' या नावाने लास व्हेगासमधील जुगारगृहात अंगरक्षक म्हणून वावरतो. ३७७ व्या अंकात (१९९१) मनोचिकित्सक डॉक सॅमसन हा बॅनर, हिरवा हल्क व करडा हल्क यांना संमोहनाद्वारे एकत्र आणतो. यातून बॅनरची बुद्धी व हल्कचे बळ असलेला नवा हल्क निर्माण होतो. ४२० व्या अंकात (१९९४) हल्कचा जुना मित्र जिम विल्सन एड्सने मृत्यू पावतो. आपले गॅमायुक्त रक्त देऊन त्याला वाचवण्याचा प्रयत्न करावा, की त्यातून आणखी एक राक्षस निर्माण होईल, हा पेच या कथेत हल्कसमोर उभा राहतो.

एकविसाव्या शतकातील कथा

ग्रेग पाक यांच्या 'प्लॅनेट हल्क' (२००६-०७) या कथामालेत आयर्न मॅन व अन्य महानायक हल्कला फसवून अवकाशात पाठवतात. साकार या ग्रहावर तो गुलाम योद्ध्यापासून राजा होतो. तेथील विनाशानंतर सूड घेण्यासाठी तो पृथ्वीवर परततो, हा 'वर्ल्ड वॉर हल्क' (२००७) चा विषय आहे. २००८ मध्ये जेफ लोब व एड मॅकगिनेस यांनी लाल हल्क आणला. तो जनरल रॉसच असल्याचे २०१० मध्ये उघड झाले.

लेखक अल ईविंग व प्रमुख चित्रकार जो बेनेट यांची 'इमॉर्टल हल्क' (२०१८-२०२१) ही ५० अंकांची मालिका भयकथेच्या अंगाने जाते. तिच्यात बॅनरला मारता येते, परंतु रात्र होताच हल्क पुन्हा उठतो. अशा रीतीने १९६२ मधील सूर्यास्ताची कल्पना नव्या अर्थाने परत आली. पूर्वी दुष्ट मानलेला 'डेव्हिल हल्क' येथे बॅनरचे रक्षण करणाऱ्या पित्याच्या रूपात दिसतो. या मालिकेला आयझनर पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. २०२३ मध्ये फिलिप केनेडी जॉन्सन व निक क्लाइन यांनी सुरू केलेल्या मालिकेनेही राक्षस व भय यांवरच भर दिला.

वाचकांमधील मतभेद

जुन्या कथांचे चाहते बालबुद्धीच्या हल्कला खरा हल्क मानतात. त्यांच्या मते त्याच्या निरागसतेमुळेच त्याच्या एकाकीपणाला करुणेची धार येते. बुद्धिमान हल्क हा इतर महानायकांसारखाच ठरतो. डेव्हिड यांच्या कथांचे समर्थक याउलट असे मानतात की, पाठलाग व मोडतोड यांच्या पुनरावृत्तीत अडकलेल्या पात्राला मानसशास्त्रीय मांडणीने आशय दिला. बालपणीच्या छळाचे सूत्रही वादातीत नाही. त्यामुळे क्रोधाला मानवी कारण मिळाले, असे काहींचे मत आहे; तर अण्वस्त्रांविषयीच्या मूळ भयाचे महत्त्व त्यामुळे घटले, असे इतरांना वाटते.

अन्य माध्यमांतील रूपे

१९७७ मधील दूरचित्रपटानंतर आलेल्या 'द इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेत (१९७८-१९८२) बिल बिक्स्बी यांनी बॅनरची व शरीरसौष्ठवपटू लू फेरिग्नो यांनी हल्कची भूमिका केली. चित्रपटांमध्ये बॅनरची भूमिका एरिक बाना (२००३), एडवर्ड नॉर्टन (२००८) व २०१२ पासून मार्क रफालो यांनी साकारली. 'थॉर: रॅग्नारॉक' (२०१७) या चित्रपटात 'प्लॅनेट हल्क'मधील घटकांचा वापर झाला आहे. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) मधील बुद्धिमान हल्क १९९१ मधील एकत्रित हल्कशी साम्य दर्शवतो.