लाखेच्या तबकड्या

ओतूरच्या आमच्या माळ्यावर वडिलांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. घरात टेपरेकॉर्डर आला आणि मी त्या भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकल्या. अशा तबकड्या मुंबईच्या चोरबाजारातून परदेशी संग्राहक नेत. त्यांचा राग यायचा खरा.

पण ऐका. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघेपर्यंत आपल्या तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला छापल्या जात. लाख मात्र बहुतांशी आपल्याच जंगलांतली! या पहिल्या मुद्रणांची सूची १९९४ साली ग्रंथरूपाने दिली, ती मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संग्राहकाने.

माझ्या तबकड्यांवर कोण गात होते, हेही मी लिहून ठेवले नव्हते.