भोक पडलेली गिटार

दसरा उलटला की आमच्या घरी माळा आवरण्याचा कार्यक्रम निघतो आणि त्यात दरवर्षी न चुकता एक तंटा होतो. तंट्याचे मूळ म्हणजे माझी गिटार. 1978 साली मुंबईच्या चोरबाजारातून मी ती 90 रुपयांना आणली. पाठ प्लायवूडची, एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या वाद्याची, घोडीजवळचा रंग उडून आतले लाकूड उघडे पडलेले. ‘अहो, एकदा भंगारवाल्याला तरी दाखवा हिला,’ हे सौभाग्यवतींचे वार्षिक भाषण. यंदा त्यांची बाजू फारच बळकट झाली. परदेशातून आलेल्या पुतण्याने मला शिसवी पाठीची, आरशासारखी लखलखीत, भारी किमतीची गिटार भेट दिली. मग म्हातारीचे वकीलपत्र घेऊन मला इतिहासाच्या दारी जाणे भाग पडले.

पहिला साक्षीदार मिळाला तो स्पेनमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल शहरातल्या कॅफेंतून फ्लामेंकोच्या मैफली रंगू लागल्या. गाणारे-वाजवणारे बहुतेक गरीब, त्यांत जिप्सी पुष्कळ. सधन दिवाणखान्यांतल्या गिटारींची पाठ ब्राझीलहून जहाजाने आलेल्या शिसवी लाकडाची असे. ते लाकूड या मंडळींना परवडणार कुठून? त्यांच्या गिटारी देशी सायप्रसच्या. (आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या सुरूशी त्याची गल्लत करू नये.) लाकूड पिवळसर, हलके आणि स्वस्त. खुंट्याही साध्या लाकडी, आपल्या तंबोऱ्याला असतात तशा.

पण झाले भलतेच! शिसवी गिटारीचा स्वर गोल, भरदार, रेंगाळणारा; सायप्रसचा कोरडा, खणखणीत, उमटला की लगेच विझणारा. नर्तकीच्या टाचांचा धडाका आणि टाळ्यांचा कल्लोळ सुरू असता रेंगाळणारा स्वर त्यात बुडून जातो. हा कोरडा स्वर मात्र तव्यावरच्या लाहीसारखा टणकन वर उडतो. गरिबीने हाती दिलेले लाकूड त्या संगीताचा कंठच होऊन बसले. पुढे फ्लामेंकोला मोठी नाट्यगृहे आणि पैसा मिळाला, शिसवी पाठीच्या गिटारीही त्या मैफलीत आल्या. पण सायप्रसचे आसन हलले नाही. आज नामांकित कारागिराच्या सायप्रसच्या गिटारीला स्वस्त म्हणण्याची कोणाची छाती नाही, ही गोष्ट निराळी.

त्याच सेव्हिलमध्ये आंतोनियो दे तोर्रेस (1817–1892) नावाचा कारागीर होता. मूळचा सुतार. आजच्या स्पॅनिश गिटारीचा बांधा बहुतांशी त्याने घालून दिला. आवाज जन्मतो तो वरच्या फळीत, आपले सतारवाले जिला तबली म्हणतात तिच्यात, असे त्याचे ठाम मत होते. ते सिद्ध करण्यासाठी 1862 साली या गृहस्थाने वरची फळी उत्तम लाकडाची घेतली आणि पाठ व बगला केल्या चक्क पुठ्ठ्याच्या! ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. ज्या पाठीसाठी लोक पदरचे पैसे मोजतात तिची ही थट्टाच नव्हे काय? 2018 साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने तपासली. केवळ पाठीच्या लाकडात फरक असलेल्या सहा गिटारी अंधाऱ्या खोलीत 52 वादकांच्या हाती दिल्या. महाग लाकडाला त्यांच्याकडून झुकते माप मिळाले नाही.

झिजलेपणाबद्दल मात्र साक्ष काढायची ती अमेरिकेतल्या विली नेल्सन यांची. 1969 साली टेक्सासमधल्या एका कार्यक्रमात त्यांच्या गिटारीवर एका दारुड्याचा पाय पडला आणि ती मोडली. तिच्या जागी त्यांनी मार्टिन कंपनीची एक गिटार न पाहताच 750 डॉलरला घेतली. ही काही स्वस्त खरेदी नव्हे, हे मी वकील असूनही कबूल करतो. पण गिटार होती बोटांनी छेडण्याच्या जातीची. नखीच्या घावापासून फळी राखणारा पत्रा तिला नव्हता, आणि नेल्सन वाजवीत नखीने. वर्षानुवर्षे घासून त्या फळीला मोठे भोक पडले. नव्या गिटारी काय, त्यांना पैशापासरी मिळाल्या असत्या; पण रॉय रॉजर्स या सिनेनटाच्या घोड्यावरून ‘ट्रिगर’ नाव दिलेली ही गिटार त्यांनी सोडली नाही. 1970 च्या सुमारास घराला आग लागली तेव्हा त्यांनी ती जळत्या घरातून बाहेर काढली. 1990 साली करापोटी सरकारने त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली, तेव्हा ती लिलावात जाऊ नये म्हणून मुलीने गुपचूप हवाईला त्यांच्याकडे पोचवली.

एवढा पुरावा मांडून मी विजयी मुद्रेने बसलो. पुतण्या हसून म्हणाला, “काका, मग आपणही डोळे मिटून परीक्षा घेऊ.” मी आणि सौभाग्यवती भिंतीकडे तोंड करून बसलो. त्याने दोन्ही गिटारी आलटून पालटून, एकच धून तीनदा वाजवली. गोड वाटेल ती मी सांगायची.

तिन्ही वेळा मी नवीच सांगितली.

माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असावा. पुराव्याने भरलेले माझे दप्तर तसेच उघडे पडले होते. इतक्यात सौभाग्यवती म्हणाल्या, “गोड-बिड मला कळत नाही. पण आपली कोणती ते तिन्ही वेळा ओळखलं मी.”

‘आपली’ हा शब्द त्यांच्या तोंडून त्या गिटारीबद्दल मी प्रथमच ऐकला. मी तसे बोलून दाखवले नाही, निकाल फिरायचा! म्हातारी हातात घेतली. दांडीचा मागचा भाग माझ्या अंगठ्याने इतका गुळगुळीत झाला आहे, की हात न पाहता ठरल्या जागी जाऊन बसतो. नवीवर मला अजून पडदे शोधावे लागतात. सध्या नवी गिटार तिच्या पेटीत आहे आणि पेटी माळ्यावर.