घाट चढलेली मोटार

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे) १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. तेथे मी एकदा शाळेची मुले घेऊन गेलो. रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट' जातीच्या चिलखती मोटारीपाशी एकाने विचारले, "गुरुजी, ही शर्यतीतली का लढाईतली?" मुले हसली, मला हसू येईना. प्रश्न खरा इतिहासाचा होता.

या जातीने नाव कमावले ते घाटांत. १९०८ साली मुंबई-कोल्हापूरच्या मोटार-चाचणीत सहा घाट ओलांडून ६२० मैलांची परीक्षा एका सिल्व्हर घोस्टने पार पाडली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. १९१२ साली मात्र युरोपात, आल्प्सच्या शर्यतीत, काट्शबर्गच्या चढावर अशीच एक गाडी अडली; दोन माणसे खाली उतरली तेव्हा कुठे ती हलली! कारखान्याने ही नामुष्की मनाला लावून घेतली. तीन गिअरांचे चार केले आणि १९१३ साली तेच डोंगर लीलया चढून दाखवले.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. हौसेखातर कमावलेल्या त्या बळावर पोलादी पत्रे चढले, मशिनगन बसल्या.

मी म्हटले, "बाळ, शर्यतीत तयार झाली आणि लढाईवर गेली."

"म्हणजे आमच्या दादासारखी," तो म्हणाला. त्याचा थोरला भाऊ धावण्यात तालुक्यात पहिला आला होता. नुकताच पलटणीत भरती झाला होता.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या रणगाड्याची माहिती सांगायची होती. ती राहूनच गेली.