सुटा सूर

नाशिकला लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचो. वहीत भूप आणि देशकार समोरासमोरच्या पानांवर होते आणि दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. मग दोन राग कशाला, असं मी बाईंना विचारलं. बाईंनी वही मिटायला लावली, तंबोरा छेडला आणि दोन्ही गाऊन दाखवले. भूप गंधारावर विसावत होता, देशकार धैवताला धरून होता. फरक मला सांगता आला नसता, पण ऐकू आला.

गाणं कागदावर उतरवण्याची खटपट नाशिकला परकी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथेच रामनाम आधार आश्रम काढला. लहानपणी फटाक्यामुळे दृष्टी अधू झालेल्या या गवयाने स्वतःची स्वरलिपी घडवली आणि पुस्तकं छापली. पण १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनी पुस्तकांवर भिस्त ठेवली नाही; ती शिकवणारी माणसंही तयार केली.

१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी तारेतून किती माहिती जाते ते ‘बिट’मध्ये मोजायचं गणित मांडलं. मानसशास्त्रज्ञांनी तेच माप कानाला लावलं: स्वर हा संदेश, कान ही तार. आयर्विन पोलॅक यांनी १०० ते ८००० हर्ट्झमधले सुटे स्वर ऐकवून प्रत्येकाचा क्रमांक ओळखायला सांगितला. स्वर कितीही वाढवले तरी हिशेब २.५ बिटच्या आसपास अडकला, म्हणजे साधारण ६ स्वर. जॉर्ज मिलर यांच्या सातच्या आकड्यावरच्या गाजलेल्या निबंधात हा प्रयोग आहे.

आकडा खोटा नाही. पण बिट मोजायचे तर आधी पर्यायांची यादी लागते, आणि ती प्रयोग करणाऱ्याने ठरवलेली होती. ऐकणाऱ्याला षड्ज दिलेला नव्हता. आपण गंधार ओळखतो तो ‘सा’च्या नात्याने; सा बदलला, कंपनसंख्या बदलली, तरी गंधार गंधारच राहतो. सुटा सूर ही आमच्या क्लासमध्ये कधी न घडलेली गोष्ट! (कोणताही आधार न देता ५०-६० स्वर ओळखणारे लोक असतात, हे मिलर यांनीच नोंदवलंय.)

यावर उत्तर येईल की सुटे स्वर सोडा, कोणत्या स्वरामागून कोणता येतो त्याची संभाव्यता मोजा, भूप-देशकार वेगळे निघतील. निघतीलही. पण ती मोजायला भूपाच्या बंदिशी एका ढिगात आणि देशकाराच्या दुसऱ्या ढिगात कोण घालणार? ज्याला ते आधीच वेगळे ऐकू येतात तोच. समजावून सांगायचं होतं ते ऐकणंच इथे गृहीत धरलं गेलं.

शॅनन स्वतः सावध होते. संदेशाच्या अर्थाशी आपल्या प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यांनी १९४८च्या लेखातच स्पष्ट केलं होतं. पुढे एका संपादकीयात, जो तो या सिद्धांताच्या गाडीत चढू पाहतोय, जरा जपून, असंही बजावलं. ते संपादकीय मार्च १९५६चं. मिलर यांचा निबंधही त्याच महिन्यातला.