शाळेच्या दारात डॉक्टर कधी आला?

आज आपण शाळेत जाणाऱ्या मुलांच्या तब्येतीबद्दल बोलणार आहोत. विषय रोजचाच आहे, पण त्याच्या मागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला की शाळेत जाऊन काय मागायचं ते नीट कळतं.

भिवंडी तालुक्यातल्या वडप्यासारख्या गावात सकाळी दोन तऱ्हेचे गणवेश दिसतात. काही मुलं पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, काही पिवळ्या बसमध्ये चढून खासगी शाळेत. महामार्गालगत गोदामं उभी राहिली, शेती मागे पडली, घरात पगार येऊ लागला, तशी बसमध्ये चढणारी मुलंही वाढली. फी भरली म्हणजे सगळं चांगलंच मिळणार, असं आपण धरून चालतो. पण वर्षातून एकदा मुलांचे डोळे, दात, कान, वजन तपासायला येणारं सरकारी पथक कोणत्या शाळेसाठी नेमलेलं आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी. आपण फी भरतो त्या शाळेसाठी नाही. असं कसं झालं, ते आता पाहू.

सुरुवात सावित्रीबाईंपासून करू. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात निघालेली मुलींची शाळा सरकारने काढलेली नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी ती स्वतःच्या बळावर काढली. आजच्या भाषेत ती खासगीच म्हणायची. पुढे पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई आजारी माणसांना आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात पोचवत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्या साथीतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शिकवणं आणि दुखणं पाहणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं त्यांनी कधी मानलं नाही.

यानंतरचं पाऊल एका राजाने टाकलं. वडप्यावरून जाणारा मुंबई-नाशिक रस्ता पुढे मालेगावला जातो. त्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ती पहिली तपासणी मानली जाते. यात एक साधा हिशेब आहे. मुलाला शाळेत बसायला भाग पाडायचं, तर त्याला फळा दिसतो का, बाईंचं बोलणं ऐकू येतं का, हेही पाहायला हवं.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातही एक मोठं काम झालं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. ही सरकारी शाळा नव्हती, नूतन बाल शिक्षण संघ या संस्थेचं काम होतं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवली. मुलांना अंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा तिथे शिकवण्याचाच भाग होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. चांगली कल्पना आधी लोकांनी स्वतः चालवली आणि मग सरकारने उचलली, याचं हे आपल्या जवळचं उदाहरण.

शाळांच्या बाबतीत मात्र सरकार फार हळू चाललं. भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, त्यात देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ नाहीच, असं नोंदवलं. १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. त्यानंतरही पुष्कळ वर्षं शाळेतली तपासणी कुठे होई, कुठे होत नसे.

देशभर चालणारी योजना सुरू झाली ती आपल्या शेजारीच. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. या योजनेत फिरतं पथक असतं. त्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं असतं. जन्मापासूनचं व्यंग, रक्तक्षयासारखी कमतरता, इतर आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी पाहिल्या जातात. काही सापडलं तर मुलाला वरच्या दवाखान्यात पाठवलं जातं आणि उपचार मोफत होतात. हृदयाला छिद्र असलं तर शस्त्रक्रियासुद्धा.

पण योजनेच्या नियमात सहा ते अठरा वर्षांची मुलं कोणती, तर सरकारी आणि अनुदानित शाळांतली. विनाअनुदानित खासगी शाळेतलं मूल त्यात धरलेलंच नाही. शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाचं तसंच आहे. लोहाच्या गोळीचंही तसंच. किशोरवयीन मुलांना दर आठवड्याला जी निळी गोळी मिळते, ती सरकारी, अनुदानित शाळांत मिळते आणि शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीतून मिळते. म्हणजे शाळा सोडलेली मुलगी यादीत आहे आणि फी भरून शिकणारी मुलगी यादीत नाही. फी भरणाऱ्याचं घर सुखवस्तू असणार, त्याला सरकारची गरज नाही, असा अंदाज यामागे असावा. शहरातल्या बड्या शाळांना तो लागू पडेल. पण गोदामात हमाली करून किंवा कर्ज काढून फी भरणाऱ्या घराला तो कसा लागू पडेल? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. गणवेश बदलल्याने रक्त वाढत नाही.

सरकारने मनावर घेतलं तर खासगी शाळेतही पोचता येतं, हेही इतिहासात दिसतं. २०१५ पासून जंतनाशक दिवस पाळला जातो आणि ती गोळी खासगी शाळांतही दिली जाते. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना दिली गेली, तेव्हाही सगळ्या शाळा धरल्या होत्या. २०२२ च्या शेवटी मुंबई, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली. कोणतं मूल कोणत्या शाळेत जातं, हे साथ विचारत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याने ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ अभियान घेतलं, त्यातही खासगी शाळा होत्या. म्हणजे रस्ता आहे, पण मोहिमेपुरता. दरवर्षीचं काम शाळेच्या मर्जीवर राहतं.

मग आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट कायद्याची. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं शुद्ध पाणी हे खासगी शाळेलाही बंधनकारक आहे. मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं याला त्याच कायद्याने बंदी आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. शाळेत वजनकाटा असेल तर दोन्ही वजनं एकाच जागी करता येतील. मनाच्या तब्येतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा.

दुसरी गोष्ट पालक-शिक्षक संघाची. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत हा संघ हवा. त्याच्या कार्यकारी समितीत निम्म्या बाया हव्यात. फीचा प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो. फी वाढवायची म्हणून कागद समोर येतो, तेव्हाच विचारायचं की या पैशात मुलांच्या तब्येतीसाठी काय आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे शाळेचं लेखी आरोग्य धोरण. नाव जड आहे, पण ते एका कागदावर मावतं. मूल शाळेत आजारी पडलं तर पहिला फोन कोणाला, गाडी कोणती, दवाखाना कोणता? महामार्गालगतच्या शाळेला हा प्रश्न रोजचा आहे. प्रथमोपचाराची पेटी कोण पाहतं आणि त्यातल्या औषधांची मुदत कोण तपासतं? दमा किंवा फिट येणाऱ्या मुलाची माहिती वर्गशिक्षिकेला आहे का? मुलीची पाळी शाळेत आली तर पॅड कुठे मिळतं आणि ते टाकायची सोय काय? उंची, वजन आणि डोळ्यांची तपासणी वर्षातून कधी होते आणि तिचा कागद आईच्या हातात येतो का? मुलाला काही सांगायचं असेल तर ते कोणाकडे जाईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठा खर्च नाही. सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता लावून शिक्षिकाही कोणाला कमी दिसतं ते ओळखू शकतात. मागच्या बाकावरचं ‘ढ’ ठरलेलं पोर पुष्कळदा फक्त चष्म्यावाचून अडलेलं असतं.

चौथी गोष्ट गटाने करायची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पथकाची चौकशी करा. खासगी शाळेतल्या मुलांसाठी एक दिवस मिळेल का, असा अर्ज गटाच्या नावाने द्या, आशाताईंना सोबत घ्या आणि अर्जाची पोच घ्या. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे दोन नंबर शाळेच्या फलकावर लिहायला सांगा.

जूनमध्ये पालकसभा होईल. बस, वह्या, गणवेश यांवर बोलणं होईलच. त्या दिवशी गटातल्या दोघी-तिघींनी मिळून उठायचं आणि आरोग्य धोरणाचा तो एक कागद मागायचा. नसेल तर कधी तयार होणार, ती तारीख लिहून घ्यायची.